झाकण

डोमाजी नंदनवार आधी बॉनेट उघडत नाही.
आधी विचारतो, "कधीपासून?"
मी म्हणतो, ऊन तापल्यापासून.
तो "हं" म्हणतो
आणि कानामागची विडी चाचपून तिथंच ठेवतो.

सक्करदऱ्याच्या तलावावरची हवासुद्धा
भट्टीचं दार उघडल्यासारखी.
माझी चौऱ्याऐंशी सालची पद्मिनी कडुलिंबाखाली उभी.
सुरू होते, झटक्यात होते,
पंधरा मिनिटं पळते गुणी मुलीसारखी,
मग एक गचका, मग अजून एक,
मग हातात नुसतं स्टिअरिंग.

निदान सगळ्यांचं करून झालंय.
शेजारचे बोकडे म्हणाले, पेट्रोल पाइपातच उकळतं,
पंपावर ओलं फडकं ठेवा. ठेवलं.
मेहुणा म्हणाला, कार्बोरेटर विका, गाडीसकट.
मी स्वतः अठ्ठावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत नळ्या धुतल्या.
माझा उन्हावर संशय होता,
नागपुरात तो कुणाचाही असतो.

डोमाजी प्लग काढून ठिणगी बघतो. निळी.
"इथून नाई."
पंपाचा पाइप सोडून बाटलीत धरतो,
मी किल्ली फिरवतो,
पेट्रोल उसळत येतं, चुळा भरल्यासारखं.
"इथूनबी नाई."
जेट उन्हाकडे धरून एक डोळा मिटतो,
त्या भोकातून त्याला टाचणीएवढा सूर्य दिसत असेल.
फ्लोट कानाशी हलवतो. आत थेंब नाही.

त्याच्या बापाचे दोन माग होते, पाचपावलीत.
"धागा तुटते ना सायेब, तर तुटल्या जागी दिसत नाई.
चार बोटं पुढं, कापडात दिसते.
मंग मागं मागं जा लागते."
हात पुसतो, फडक्यापेक्षा हातच स्वच्छ.
"चला. मरते तिथं घेऊन चला."

दिघोरी नाका गेला. उमरेड रोड.
डांबर दूरवर पाण्यासारखं हलतंय.
एका बंद रसवंतीसमोर ती गचकली, थांबली.
मी फडकं भिजवायला बाटली शोधतो
तर डोमाजी बॉनेटकडे जातच नाही.
तो मागं जातो.
झाकण फिरवतो
आणि टाकी श्वास आत ओढते,
मोठ्यानं, बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा.

"मारा आता."
दुसऱ्या फेरीला सुरू.

झाकण उलटं करून तो नखानं खरवडतो.
बारीक भोक असतं तिथं, हवेचं.
त्यावर एमसील.
नीट, बोट ओलं करून गुळगुळीत केलेलं.
"हे कोनं केलं?"

मी जाणाऱ्या ट्रककडे बघतो.
ट्रक बराच वेळ दिसतो, रस्ता सरळ आहे.

फाल्गुनात शैलजा आली, तिसरा महिना.
पेट्रोलच्या वासानं पोटात ढवळायचं तिच्या,
ओढणी नाकाशी धरून बसायची मागच्या सीटवर,
बोलायची काही नाही.
एका रात्री मी टॉर्च घेऊन खाली गेलो.
वास थांबला. केवढा अभिमान वाटला होता मला!
तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडावी लागतात,
एक तेलाला, एक हवेला,
हे माझ्या बायकोला ठाऊक आहे,
आणि ती प्रयोगशाळेत कधी आलेली नाही.

"गाडी खोटं नाई बोलत," डोमाजी म्हणतो,
"मालक बोलते."
रागानं नव्हे.
मग वीस पावलं लांब जाऊन
एकदाची विडी पेटवतो.

पन्नास रुपये घेतले त्यानं.
ओल्या फडक्यात झाकणाचा खरवडलेला तुकडा बांधून दिला,
आठवणीला म्हणून.

संध्याकाळी शैलजाला धंतोलीत दवाखान्यात नेलं.
वास येतच होता, थोडासा.
मी आरशातून बघत राहिलो.
अजनीच्या पुलावर तिनं काच खाली केली, हुंगलं,
आणि म्हणाली,
"बाबा, पाटोडी कुठं मिळेल आत्ता?"